वाइल्डकॅट काडतुसं खरंच फॅक्टरी काडतुसांपेक्षा सरस असतात का?

पल्लेदार

नमस्कार मंडळी, हा प्रश्न बरेच दिवस डोक्यात आहे म्हणून शेवटी धागाच काढतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, वाइल्डकॅट म्हणजे ज्या काडतुसाची मापं सॅमी (अमेरिकन) किंवा सीआयपी (युरोपीय) या मानकं ठरवणाऱ्या संस्थांकडे नोंदलेली नाहीत आणि ज्याची तयार पेटी कुठली मोठी कंपनी विकत नाही असं काडतूस. कोणीतरी गनस्मिथ किंवा हौशी नेमबाज एखादी चालू केस (काडतुसाचं पितळी कवच) घेतो, तिची मान बारीक नाहीतर मोठी करतो, खांदा पुढे सरकवतो, खांद्याचा कोन बदलतो, अंगाचा निमुळतेपणा कमी करतो, मग त्या मापाचं रीमर (कापायचं हत्यार) बनवून घेतो आणि नळीत चेंबर (काडतूस बसायची जागा) कापतो.

माझ्या .३०-०६ ची नळी बदलायची वेळ आलीय. जो तो सांगतो की नवीन नळीत साधं चेंबर कशाला कापतोस, अ‍ॅकली इम्प्रूव्हड (अ‍ॅकली या गनस्मिथच्या पद्धतीने केसचं अंग सरळ आणि खांदा ताठ करणं) कर, शंभर-दीडशे फूट वेग फुकट मिळतो. फुकट हा शब्द ऐकला की मला शंका येते. तीच गोळी, तेवढ्याच लांबीची नळी आणि तेवढाच दाब धरला तर वाइल्डकॅट खरंच पुढे जातं का? आकडे असतील तर आकड्यांनी सांगा प्लीज.

दाबमापक

चांगला प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर तुम्हीच अर्धं देऊन टाकलंय, "तेवढाच दाब" या दोन शब्दांत.

रिलोडिंग (काडतुसं स्वतः भरणं) करणाऱ्यांमध्ये एक जुना ठोकताळा आहे, चारास एक. दाब तोच ठेवून केसची आतली जागा जेवढे टक्के वाढवाल त्याच्या साधारण एक चतुर्थांश टक्के वेग वाढतो. जागा ४ टक्के वाढली तर वेग १ टक्का. हा काही निसर्गनियम नाही पण व्यवहारात बराच जवळ जातो.

आता .३०-०६ चं बघा. साध्या केसमध्ये काठोकाठ साधारण ६८ ग्रेन (वजनाचं छोटं माप) पाणी मावतं. इम्प्रूव्हड केली, म्हणजे अंग सरळ केलं आणि खांदा ४० अंशांचा केला, की त्यात तीन-साडेतीन ग्रेन जास्त मावतं. ५ टक्के धरा. म्हणजे वेगात सव्वा टक्का. १६५ ग्रेनची गोळी २८०० फूट प्रति सेकंदाने जात असेल तर ती २८३५ ने जाईल. पस्तीस फूट. नेम २०० यार्डांवर बसवलेला असेल तर ४०० यार्डांवर गोळीच्या उतारात एवढ्याने इंचभरसुद्धा फरक पडत नाही.

आणि हे पस्तीस फूट कशाच्या तुलनेत आहेत तेही बघायला हवं. एकाच कंपनीच्या, एकाच लांबीच्या, एकाच रीमरने कापलेल्या दोन नळ्या घ्या, त्यांच्यात ५० फुटांचा फरक सहज निघतो. नळी एक इंच लांब घेतली तर २०-३० फूट मिळतात. म्हणजे नवीन नळी २२ ऐवजी २४ इंचांची घेतलीत तर इम्प्रूव्हड चेंबर न कापताच तेवढा किंवा जास्त वेग हातात येतो, नवीन डाय (केसला आकार देणारे साचे) नकोत, केस फुलवायचा (चेंबरमध्ये मारून नवा आकार द्यायचा) उद्योग नको.

सरळखांदा

दाबमापक, गणित ठीक आहे पण क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) खोटं बोलत नाही. मी स्वतः .३०-०६ इम्प्रूव्हड वापरतो आणि फॅक्टरीच्या पेटीवर जो वेग छापलाय त्याच्यापेक्षा माझ्या गोळ्या शंभरच्या वर पुढे जातात. पितळ व्यवस्थित, प्राइमर (बुडातली दारू पेटवणारी टोपी) व्यवस्थित, बोल्ट हलका उघडतो. मग हे कुठून आलं?

दाबमापक

@सरळखांदा, क्रोनोग्राफ खरंच बोलतोय, तुमच्या वेगाबद्दल मला शंका नाही. पण क्रोनोग्राफ वेग मोजतो, दाब मोजत नाही आणि तुलना दाबाशिवाय होत नाही.

.३०-०६ ला सॅमीची कमाल मर्यादा ६०,००० पीएसआय (दाबाचं माप) आहे. त्याच घराण्यातल्या केसची मान बारीक करून बनलेल्या .२७० विंचेस्टरला ६५,०००. दोघांचं पितळ तेच, रायफली त्याच. मग .३०-०६ कमी का? कारण ते १९०६ पासून आहे आणि इतक्या जुन्या-नव्या रायफलींमध्ये फिरतंय की कंपनीला सगळ्यात जुन्या रायफलीचा विचार करून भरावं लागतं. तुम्ही तुमच्या मजबूत आधुनिक बोल्ट अ‍ॅक्शनमध्ये इम्प्रूव्हड भरता तेव्हा नकळत ६५,००० च्या आसपास पोचता. कारण वाइल्डकॅटला मर्यादा लिहून दिलेलीच नाही, बोल्ट जड होईपर्यंत दारू वाढवत जायचं आणि मग थोडं मागे यायचं हीच बहुतेकांची पद्धत. तेवढाच दाब साध्या .३०-०६ ला दिलात तर तुमच्या शंभरातले बरेचसे फूट तिथेच निघतात.

आणि प्राइमर चपटा झाला की नाही, बोल्ट जड लागतो की नाही ही दाबाची मापं नव्हेत. प्राइमर काही कंपन्यांचे मऊ असतात, काहींचे कडक. बोल्ट जड लागायला लागतो तोपर्यंत दाब मर्यादेच्या बराच पुढे गेलेला असतो. पितळ काही बोललं नाही म्हणजे सगळं मर्यादेत आहे असा अर्थ होत नाही.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण .२८० चं आहे. .२८० रेमिंग्टन १९५७ चं, ते रेमिंग्टनने आपल्या सेमी-ऑटो मॉडेल ७४० मध्येही चालावं म्हणून काढलं, त्यामुळे मर्यादा ६०,००० पीएसआयवर ठेवली. .२८० अ‍ॅकली इम्प्रूव्हड कितीतरी वर्षं वाइल्डकॅट होतं, मग नॉस्लरने पुढाकार घेतला आणि त्याचं प्रमाणीकरण झालं, मर्यादा ६५,००० पीएसआय. पेटीवर १४० ग्रेनला एकाचा वेग ३००० आणि दुसऱ्याचा ३१५० च्या आसपास. लोक म्हणतात बघा, ४० अंशांच्या खांद्याची कमाल! अहो त्यात खांद्याचा वाटा ३५-४० फूट, बाकी बहुतेक ५,००० पीएसआयची कमाल आहे, थोडी टेस्ट बॅरलची आणि दारूच्या निवडीची.

पानं_उलटणारा

दाबमापक यांच्या गणिताशी सहमत, पण त्यावरून वाइल्डकॅट म्हणजे वेळ घालवणं असं कोणी समजू नये म्हणून थोडा इतिहास लिहितो. आज जी काडतुसं आपण दुकानातली म्हणून वापरतो त्यातली किती एके काळी वाइल्डकॅट होती बघा.

.२२ हॉर्नेट १९२० च्या दशकात स्प्रिंगफील्ड आर्मरीशी संबंधित लोकांनी फावल्या वेळात केलं, विंचेस्टरने १९३० मध्ये काडतुसं काढली. .२५७ रॉबर्ट्स हे नेड रॉबर्ट्स यांचं, ७x५७ माउझरच्या केसवरून, रेमिंग्टनने १९३४ मध्ये घेतलं. .३५ व्हेलन १९२२ चं, फॅक्टरीत यायला १९८८ उजाडलं! .२२-२५० तर .२५० सॅव्हेजची मान बारीक करून १९३० च्या दशकापासून लोक वापरत होते, ब्राउनिंगने १९६३ मध्ये त्याची रायफल विकायला काढली तेव्हा बाजारात तयार काडतूसच नव्हतं, ते रेमिंग्टनने १९६५ मध्ये आणलं. ७ एमएम-०८ सुद्धा .३०८ वरून हौशी लोकांनी केलेलं, १९८० मध्ये रेमिंग्टनचं झालं. रॉय वेदरबीची सुरुवातही अशीच, .३०० हॉलंड अँड हॉलंडची केस फुलवून, १९४३-४४ च्या सुमारास.

या सगळ्यांनी आपल्या आधीच्या काडतुसाला वेगात हरवलं म्हणून ती टिकली असं नाहीये. त्यांनी एक रिकामी जागा भरली. .२२-२५० च्या आधी .२२० स्विफ्ट होतंच की, १९३५ चं फॅक्टरी काडतूस, ४८ ग्रेनची गोळी ४११० फुटांनी मारणारं. .२२-२५० त्याच्यापेक्षा किंचित मागेच आहे. पण केस साधी, रिमलेस, भरायला सोपी, लोकांना ते आवडलं आणि वाइल्डकॅट असूनही तीस वर्षं टिकून राहिलं.

.२५-०६ ची गोष्ट तर मला फारच आवडते. ए. ओ. नीडनर यांनी १९२० च्या सुमारास .३०-०६ ची मान .२५ वर आणली. कल्पना उत्तम होती पण एवढ्या मोठ्या केसमधून एवढ्या बारीक भोकातून गोळी ढकलायला जी सावकाश जळणारी दारू लागते ती तेव्हा बाजारात नव्हतीच, त्यामुळे दाब पटकन चढायचा आणि वेग मिळायचा नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रूस हॉजडन यांनी २० एमएम तोफेची उरलेली ४८३१ दारू स्वस्तात विकायला घेतली आणि या काडतुसाचं नशीबच बदललं. रेमिंग्टनने १९६९ मध्ये ते फॅक्टरीत आणलं. केस पन्नास वर्षं तीच होती. बदलली ती दारू.

सरळखांदा

मान्य, इतिहास छान लिहिलाय. पण अ‍ॅकली यांचं नाव न घेता ही चर्चा पूर्ण कशी होईल. त्या माणसाने आयुष्यभर हेच केलं, कोलोरॅडोतल्या ट्रिनिडाडच्या कॉलेजात गनस्मिथिंग शिकवलं, रायफली मुद्दाम फुटेपर्यंत तपासल्या. त्यांनी विंचेस्टर ९४ घेतली, .३०-३० इम्प्रूव्हडचं चेंबर कापलं, आणि लॉकिंगचा भाग काढून टाकून झाडली, केस चेंबरलाच धरून राहिली! म्हणजे सरळ अंगाची केस बोल्टवर कमी जोर टाकते हे सिद्ध झालं की नाही? मग तोच बोल्ट जास्त दाब सहन करू शकतो.

दाबमापक

अ‍ॅकली यांच्याबद्दल मला प्रचंड आदर आहे, म्हणूनच त्यांच्या प्रयोगातून जेवढं निघतं तेवढंच काढू या.

त्या प्रयोगातून एवढं दिसलं की कोरडं चेंबर आणि कमी निमुळती केस असेल तर पितळ चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटतं आणि बोल्टवरचा धक्का कमी होतो. पण हा .३०-३० च्या दाबाचा प्रयोग होता, जिथे सॅमीची मर्यादा ४२,००० पीएसआय आहे. चेंबरमधला दाब त्याने कमी होत नाही. नळीच्या भिंतीवर, प्राइमरच्या खिशावर, केसच्या बुडावर तो पूर्णच येतो. चेंबरला जरा तेल किंवा पाणी लागलं, की ती पकड गेली. ज्याची पकड हवामानावर अवलंबून आहे त्याच्या भरवशावर मी दाब वाढवणार नाही आणि तुम्हीही वाढवू नये असं मनापासून वाटतं.

अजून एक. अ‍ॅकली यांनी स्वतः काय लिहिलंय ते लोक विसरतात. त्यांचं म्हणणं असं होतं की इम्प्रूव्हडचा फायदा जुन्या, फार निमुळत्या, कमी जागेच्या केसना होतो. .२५० सॅव्हेजचा फायदा त्यांना खूप आवडायचा, .२५७ रॉबर्ट्सचाही. उलट आधीच मोठी असलेली केस, बारीक भोक, तिथे अजून जागा वाढवून काही हाती लागत नाही, फक्त नळी लवकर जाते. त्यांनीच .३७८ वेदरबीची राक्षसी केस .२२ वर आणून बघितली होती, ५००० फूट गाठायला, आणि ते ४६०० च्या आसपास अडकलं. इतकी दारू आणि ५००० तरीही नाही.

कागदछेद

इथे सगळे वेग वेग करताहेत, अचूकतेबद्दल कोणी बोलेना म्हणून लिहितो. माझं क्षेत्र बेंचरेस्ट, म्हणजे टेबलावर रायफल टेकवून गोळ्या एकमेकींच्या जवळात जवळ मारायची स्पर्धा. आमच्याकडे हा वाद कधीच संपलाय, आणि वाइल्डकॅटने जिंकून संपलाय.

१९७५ मध्ये लू पाल्मिसानो आणि फेरिस पिंडेल या दोघांनी .२२० रशियनची केस घेतली, जिचं मूळ ७.६२x३९ मध्ये आहे, आणि त्यातून ६ पीपीसी बनवलं. बुटकी जाड केस, तीस अंशांचा खांदा, छोटा प्राइमर, छोटं फ्लॅश होल (प्राइमरची ठिणगी आत जायचं भोक). १०० आणि २०० यार्डांच्या बेंचरेस्टमध्ये त्याच्या आधी .२२२ रेमिंग्टनचं राज्य होतं. काही वर्षांत पीपीसीने ते संपवलं आणि आजही तिथे बहुतेक रांगेत तेच दिसतं. वेगासाठी हे कोणी घेत नाही. दर वेळी दारू सारखी पेटते, गोळ्यागोळ्यांमधला वेगाचा फरक कमी राहतो, नळीचं कंपन सारखं राहतं म्हणून घेतात. २०१३ मध्ये १०० यार्डांवर पाच गोळ्यांचा .००७७ इंचांचा ग्रुप नोंदला गेला तोही वाइल्डकॅटचाच, ६.५ ग्रेंडेलची केस .३० वर उघडून केलेला.

पण प्रामाणिकपणे सांगायचं तर यातलं किती श्रेय आकाराचं आणि किती बाकीच्याचं हे वेगळं काढणं अवघड आहे. पीपीसी मारणारा माणूस मान खरवडून एकसारखी करतो, केस वजन करून निवडतो, नळी हाताने लॅप (आतून घासून गुळगुळीत) केलेली, चेंबर त्याच्या पितळाच्या मापाने कापलेलं, गोळ्या हाताने बनवलेल्या. एवढे लाड .३०८ चे केले तर तेही आश्चर्य वाटेल इतकं छान मारतं. तरी रांगेत शेजारी शेजारी ठेवल्यावर पीपीसी पुढे राहतं, हे इतक्या वर्षांत इतक्या लोकांनी पाहिलंय की मी त्यावर शंका घेणार नाही.

पल्लेदार

वा, धाग्याचं सार्थक झालं. कागदछेद, मग लांब पल्ल्यावर, स्टीलच्या प्लेटवर मारणारी मंडळी डॅशर डॅशर करतात ते पण याच कारणाने का? आणि एक, ६.५ क्रीडमूर फॅक्टरी काडतूस असून सगळ्यांना कसं काय खाऊन गेलं?

कागदछेद

डॅशर म्हणजे ६ एमएम बीआरचा खांदा पुढे सरकवून ४० अंशांचा केलेला. बीआरमध्ये साधारण ३८ ग्रेन पाणी, डॅशरमध्ये ४१ च्या आसपास. दाबमापकांच्या चारास एकने बघितलं तर २ टक्के, म्हणजे ५०-६० फूट. लोक १०० सांगतात, बाकीचं कुठून येतं ते वर आलंच आहे. पण डॅशर मारणारे वेगासाठी मारत नाहीत. धक्का इतका कमी की गोळी लागताना स्कोपमधून स्वतःलाच दिसते, चुकली तर किती चुकली तेही दिसतं, आणि दारू दोन-तीन दशांश ग्रेन इकडेतिकडे झाली तरी ग्रुप बिघडत नाही. अडचण एवढीच की बुटकी केस मॅगझिनमधून नीट चढत नाही, त्यासाठी मॅगझिनमध्ये किट बसवावे लागतात. म्हणून तर पुढे ६ जीटी आलं, थोडं लांब, मॅगझिनमध्ये सरळ बसणारं, आणि तेही वाइल्डकॅट म्हणून सुरू होऊन आता फॅक्टरी पेटीत मिळतं.

पानं_उलटणारा

क्रीडमूरबद्दल मी लिहितो, कारण माझ्या मते या धाग्याचं खरं उत्तर तिथेच आहे.

.३०८ ची मान ६.५ वर आणायचं वाइल्डकॅट खूप जुनं, लोक ६.५-०८ म्हणायचे. रेमिंग्टनने १९९७ मध्ये तेच .२६० रेमिंग्टन म्हणून आणलं. वेगात ते क्रीडमूरच्या जोडीचंच आहे, केसमध्ये जागा तर किंचित जास्तच. तरी २००७ च्या सुमारास हॉर्नेडीने क्रीडमूर आणलं आणि .२६० मागे पडलं. का? तर क्रीडमूरची केस आखूड ठेवली, त्यामुळे लांब निमुळती गोळी शॉर्ट अ‍ॅक्शनच्या मॅगझिनमध्ये मावते आणि तिचं बूड केसमध्ये फार खोल जात नाही. नळीला पहिल्यापासून ८ इंचांत एक वळसा असा ट्विस्ट, म्हणजे १४० ग्रेनच्या लांब गोळ्या स्थिर राहतात. चेंबरची मान आणि थ्रोट (चेंबरच्या लगेच पुढचा नळीचा भाग) मॅचच्या हिशोबाने घट्ट. आणि पहिल्या दिवसापासून मॅचची तयार पेटी बाजारात, सुरुवातीला तर पेटीवरच भरण्याची रेसिपी छापलेली. केस, गोळी, ट्विस्ट, थ्रोट, मॅगझिन सगळं एकत्र बसून ठरवलेलं. वाइल्डकॅट करणारा माणूस बहुतेक वेळा फक्त केसकडे बघतो.

याच्या उलटं घडलेलंही आहे. १९५५ मध्ये दोन ६ एमएम काडतुसं आली, विंचेस्टरचं .२४३ आणि रेमिंग्टनचं .२४४. दोघांच्याही मागे वाइल्डकॅट होते, .२४४ च्या मागे रिलोडिंगची अवजारं बनवणाऱ्या आरसीबीएसचे फ्रेड हंटिंग्टन यांचं. .२४४ ची केस मोठी, वेगाला वाव जास्त. पण रेमिंग्टनने नळीला १२ इंचांत एक वळसा दिला, ७५ आणि ९० ग्रेनच्या गोळ्यांसाठी. विंचेस्टरने १० इंचांत एक दिला आणि १०० ग्रेनची गोळी दिली. हरणाच्या शिकाऱ्यांना १०० ग्रेन हवी होती, झालं, .२४३ घरोघरी गेलं आणि .२४४ पडलं. १९६३ मध्ये ट्विस्ट वाढवून त्याचं नाव ६ एमएम रेमिंग्टन केलं तरी ते कधी सावरलं नाही. केस चांगली असून उपयोग झाला नाही.

थंडनळी

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. एक मुद्दा राहिलाय, खर्च आणि त्रास. फॅक्टरी काडतूस घेतलं की पेटी उघडली आणि मारली. वाइल्डकॅटमध्ये आधी केस फुलवाव्या लागतात, म्हणजे नवीन चेंबरमध्ये साधं काडतूस मारून पितळाला नवा आकार द्यायचा. इम्प्रूव्हडचं बरं, मूळ फॅक्टरी काडतूस त्याच चेंबरमध्ये मारता येतं, पण त्यासाठी चेंबरचं हेडस्पेस (बोल्टच्या तोंडापासून खांद्यापर्यंतची जागा) मूळपेक्षा चार हजारांश इंच कमी ठेवून केस किंचित दाबून बसायला हवी. हे गनस्मिथने केलं नाही तर पहिल्याच गोळीला केस बुडापाशी ताणली जाते, आणि ताणलेली केस पुढच्या भरण्यात कधीतरी तिथूनच तुटते. आणि केस फुलवायला ज्या गोळ्या मारता त्या नळीच्याच आयुष्यातून जातात. ६.५-.२८४ सारख्या काडतुसाची मॅचची नळी हजारेक गोळ्यांत थकते, तिथे दोनशे केस फुलवल्या म्हणजे पाचवा हिस्सा गेला की.

शिवाय छापील लोड डेटा नाही किंवा एक-दोन जुन्या पुस्तकांत आहे, आणि त्यातलं कशावर मोजलंय ते कळत नाही. पूर्वी घरी क्रोनोग्राफ नसायचा, बरेच जुने आकडे गोळीचा उतार बघून नाहीतर अंदाजाने लिहिलेले. आज डॉपलर रडारवाले क्रोनोग्राफ हातात मावतात, तेव्हा जुने दावे परत तपासले की बरेच खाली येतात.

सरळखांदा

थंडनळी, त्रासाचं मान्य पण इम्प्रूव्हडचा एक फायदा तुम्ही कोणीच लिहिला नाही. ४० अंशांच्या खांद्याने आणि सरळ अंगाने पितळ पुढे कमी वाहतं. मान लांबत नाही, सारखं ट्रिम करावं लागत नाही, केस जास्त वेळा भरता येते. निमुळत्या, ओघळत्या खांद्याच्या केस वापरणाऱ्यांना विचारा ट्रिमिंगचा कंटाळा काय असतो. वेगाचं सोडा, मी फक्त एवढ्यासाठी परत इम्प्रूव्हडच घेईन.

दाबमापक

@सरळखांदा, हे शंभर टक्के खरं, हा खरा फायदा आहे आणि मी तो नोंदवायला हवा होता. किंमत म्हणजे फीडिंग, निमुळती केस चेंबरमध्ये सरकते, सरळ केस कधी कधी अडते. टेबलावरून मारणाऱ्याला काही नाही, पण शिकारीत दुसरी गोळी पटकन हवी असेल तर विचार करावा.

आणि जुन्या कमी दाबाच्या काडतुसांबद्दल अजून एक. ६.५x५५ ला सॅमीने ५१,००० पीएसआय दिलेत कारण जुन्या स्वीडिश माउझर आणि क्रॅग रायफली अजून वापरात आहेत. ७x५७ चंही तसंच, ५१,०००. .२५७ रॉबर्ट्स ५४,०००. या काडतुसांचे वाइल्डकॅट कागदावर फार पुढे दिसतात ते मुख्यतः यामुळे. आधुनिक रायफलीत तेच मूळ काडतूस आधुनिक दाबाला भरलं, प्रमाणित मॅन्युअलमध्ये तसा वेगळा डेटा दिलेला असेल तर, अंतर खूप मिटतं.

खरा मोठा वेग हवा असेल तर आता कंपन्याच त्या वाटेने गेल्यात. .२७७ फ्युरीला ८०,००० पीएसआयची मर्यादा आहे, त्यासाठी केसचं बूड स्टेनलेस स्टीलचं आणि वरचं अंग पितळाचं. आखूड नळीतून तो वेग येतो तो दाबामुळे. घरी पितळी केस फुलवून हे कोणालाही करता येणार नाही, आणि करूनही बघू नये.

पल्लेदार

सगळ्यांचे मनापासून आभार. मग मी ठरवलं, साधं .३०-०६ चेंबर, २४ इंच, १० इंचांत एक वळसा, थ्रोट मी वापरतो त्या गोळीच्या मापाने. सरळखांदा, तुमचा ट्रिमिंगचा मुद्दा मोह पाडतोय पण मी वर्षाला फार गोळ्या मारत नाही.

शेवटचा प्रश्न. एका ओळखीच्या नेमबाजाकडे वापरलेली नळी आहे, तिच्यावर ६ एमएमच्या एका वाइल्डकॅटचं नाव कोरलंय, स्वस्तात देतोय. डाय मात्र त्याच्याकडे नाहीत. त्याच नावाचे डाय बाजारात मिळतात, ते घेऊन चालेल ना?

थंडनळी

नका घेऊ असे. फॅक्टरी काडतुसात नाव म्हणजे मापं, वाइल्डकॅटमध्ये तसं नसतं. एकाच नावाची दोन रीमर खांद्याच्या जागेत, मानेच्या व्यासात, थ्रोटच्या लांबीत वेगळी असू शकतात. मान घट्ट कापलेली असेल तर न खरवडलेल्या पितळाची मान चेंबरमध्ये उघडायला जागाच राहत नाही, गोळी सुटत नाही आणि दाब झपकन वर जातो. अगदी साधारण भरणीवरसुद्धा.

त्याला आधी रीमरचं ड्रॉइंग मागा. नसेल तर गनस्मिथकडून चेंबरचा सेरोसेफ (कमी उष्णतेला वितळणारा मिश्रधातू) कास्ट, म्हणजे ओतीव ठसा, काढून घ्या, तो कास्ट थंड होताना आकुंचन पावतो आणि परत फुगतो त्यामुळे ओतल्यापासून साधारण अर्ध्या तासाने आणि तासाभराच्या आत मोजायचा. मानेचा व्यास मोजा, भरलेल्या काडतुसाच्या मानेचा मोजा, दोन्हीत किमान दोन-तीन हजारांश इंचांची मोकळीक हवी. मग त्या मापाने डाय बनवून मिळतात का आणि कितीला ते विचारा. सोबत बोअरस्कोपने (नळीच्या आत बघायचं उपकरण) थ्रोट किती जळलाय तेही बघून घ्या, ६ एमएमच्या वापरलेल्या नळीत तो बहुतेक वेळा जळलेला असतो.

पल्लेदार

ड्रॉइंग मागितलं, त्याच्याकडे नाही म्हणतो, गनस्मिथचं नावही आठवत नाही. कास्ट आणि डायचा खर्च धरला तर नवीन नळीच्या जवळ जातंय. नळी राहू दे म्हणून कळवलं त्याला.